वाढपी उभा आहे, पण पातेल्यात भाजी आहे का?



मागच्या अंकात आपण कंटेनर म्हणजे काय ते पाहिलं. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लहानमोठ्या फायली एका डब्यात भरायच्या. मग तो डबा हैदराबादच्या सर्व्हरवर ठेवा नाहीतर मुंबईच्या, आत सगळं तेच राहतं. लेख वाचून काचीगुड्याच्या एका काकूंनी व्हॉट्सॲपवर विचारलं, "अरे, डबा बंद, झाकण उघडता येत नाही, मग आतलं नासलं तर कळतं कुणाला?" मी या महिन्यात पासवर्डवर लिहिणार होतो. पण प्रश्न असा नेमका आला की पासवर्डांना थांबायला सांगितलं.

तर काकू, कळतं. पण कुणीतरी मुद्दाम विचारलं तरच कळतं. ठरावीक वेळाने डब्याला "बरा आहेस ना?" असं विचारण्याच्या सोयीला आमच्या धंद्यात हेल्थ चेक म्हणतात. पैसे पाठवण्याचं ॲप, शाळेची फी, डॉक्टरांची अपॉइंटमेंट, यांतल्या बऱ्याच गोष्टी आज अशा डब्यांतून चालतात आणि त्यांच्या मागे हा प्रश्न रात्रंदिवस विचारला जात असतो. ही सोय लावायला फार वेळ लागत नाही, म्हणूनच की काय, पुष्कळ ठिकाणी ती शेवटच्या दिवशी कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टमधून उचलून चिकटवलेली असते. आणि मग तब्येत विचारणाराच एखाद्या दिवशी रोग्याचा जीव घेतो. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही, पुढे सांगतोच.

आधी, विचारावं का लागतं ते बघू. प्रोग्राम कोसळला तर ते ताबडतोब कळतं. डबाच बंद पडतो आणि त्याला चालवणारी यंत्रणा तो पुन्हा सुरू करते. खरा त्रास अडकलेल्या प्रोग्रामचा. जावा भाषेतले पुष्कळ प्रोग्राम टॉमकॅट नावाच्या सर्व्हरवर चालतात. त्याची मूळ सेटिंग अशी की एका वेळी जास्तीत जास्त २०० धागे, म्हणजे २०० जणांची कामं एकदम हातात घेता येतात. समजा पैसे भरण्याची बाहेरची सेवा मंदावली आणि आपल्या प्रोग्रामला "किती वेळ वाट बघायची" हे कुणी सांगितलेलंच नाही. एकेक करत दोनशेही धागे तिकडच्या उत्तराची वाट बघत बसतात. त्यानंतर आलेल्या माणसाच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. बाहेरून बघावं तर प्रोग्राम चालू, मेमरी व्यवस्थित, प्रोसेसर तर जवळजवळ रिकामा. कागदोपत्री सगळं छान!

आता आपल्या गणपतीतल्या महाप्रसादाची पंगत डोळ्यांसमोर आणा. हॉलमध्ये सहा वाढपी आहेत. एक जण खांबाला टेकून चक्क झोपलाय. त्याला हलवायचं, नाही उठला तर त्याच्या जागी दुसरा उभा करायचा. दुसरा टक्क जागा आहे, पण हातातलं पातेलं रिकामं. आतून भाजी येईपर्यंत त्याला पंगतीत फिरवायचं नाही, बाजूला उभं राहू द्यायचं. तिसरा आत्ताच आलाय, हात धुतोय, कमरेला पंचा गुंडाळतोय. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, त्याला दोन मिनिटं द्यायची. तिघेही या क्षणाला वाढत नाहीयेत. दाराशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकाने तिघांनाही "चला, घरी जा" म्हटलं तर पंगतीचं काय होईल ते सांगायला नको.

कुबरनेटिस या यंत्रणेत हे तीन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. गूगलने २०१४ साली खुली केलेली, हजारो डबे एकदम सांभाळणारी ही व्यवस्था. नाव ग्रीक आहे, अर्थ सुकाणू धरणारा. तिच्यात प्रत्येक मशीनवर कुबलेट नावाचा एक मुकादम बसलेला असतो आणि तो आपल्या मशीनवरच्या डब्यांना प्रश्न विचारतो. "जिवंत आहेस का?" हा लाइव्हनेस प्रोब. उत्तर आलं नाही तर डब्यातला प्रोग्राम मारून पुन्हा सुरू करायचा. "गिऱ्हाईक घ्यायला तयार आहेस का?" हा रेडिनेस प्रोब. याचं उत्तर नाही आलं तर डब्याला हात लावायचा नाही, फक्त त्याच्याकडे माणसं पाठवणं थांबवायचं. "उठून तयार झालास का?" हा स्टार्टअप प्रोब. त्याचं उत्तर हो येईपर्यंत बाकीचे दोन प्रश्न विचारायचेच नाहीत. हा तिसरा सगळ्यात उशिरा आला, २०१९ मध्ये प्रायोगिक म्हणून, आणि २०२० च्या अखेरीस पक्का झाला. त्याआधी सावकाश उठणाऱ्या प्रोग्रामांसाठी लोक अंदाजाने "पहिली दोन मिनिटं विचारूच नको" असं लिहून ठेवत. काही ठिकाणी अजून तेच चालू आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण अनुभवी इंजिनिअरही तिथे घसरतात. प्रश्न काय विचारला यापेक्षा उत्तर "नाही" आलं तर काय करणार, हे आधी ठरवावं लागतं. लाइव्हनेसच्या "नाही"ची शिक्षा मृत्युदंड आहे. म्हणून त्यात तोच प्रश्न विचारायचा ज्यावर मारून पुन्हा उठवणं हाच उपाय आहे. प्रोग्राम आतून अडकला असेल तर पुन्हा सुरू केल्यावर सुटतो. डेटाबेस मंद असेल तर तुमचा डबा शंभर वेळा मारा, डेटाबेस तेवढाच मंद राहणार. स्वयंपाकघरात गॅस संपलाय म्हणून वाढपी बदलण्यातला प्रकार.

याचा एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयाच्या रिपोर्ट बघण्याच्या साइटसाठी आमच्या टीमला बोलावणं आलं. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, साइट ज्यांनी बांधली त्यांचंही नाही. रक्ताचे, सोनोग्राफीचे रिपोर्ट रुग्णाला मोबाइलवर आणि डॉक्टरांना ओपीडीत एकाच ठिकाणाहून दिसत. सहा डबे होते, त्यांच्या मागे एक डेटाबेस. लाइव्हनेसच्या पत्त्यावर प्रश्न आला की प्रोग्राम डेटाबेसमधून एक ओळ वाचून दाखवायचा आणि मग "ठीक" म्हणायचा. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, तपासणी कशी कसून झाली पाहिजे! उत्तरासाठी मुदत एक सेकंद. ती मुदत कुणी विचार करून ठेवली नव्हती, कुबरनेटिसमध्ये काही लिहिलं नाही तर एक सेकंदच असते.

एका सोमवारी सकाळी नवाच्या सुमारास हिशेब विभागाने महिन्याचा मोठा अहवाल काढायला घेतला. तोही त्याच डेटाबेसवर. एरवी चटकन येणारं उत्तर तीन-चार सेकंदांवर गेलं. एवढ्याने खरं तर काय बिघडलं असतं? रिपोर्टचं पान उघडायला चार सेकंद लागले असते, लोकांनी "आज नेट स्लो आहे" म्हटलं असतं. पण कुबलेटला एका सेकंदात उत्तर मिळेना. दर दहा सेकंदांनी एकदा, असं लागोपाठ तीन वेळा झालं आणि त्याने डबा मारला. सहाही डब्यांची कहाणी एकच, कारण सहाही जण त्याच एका डेटाबेसला विचारत होते. मिनिटभरात सहाही आडवे.

मग खरी गंमत, म्हणजे गंमत आत्ता वाटते. नव्याने उठलेला प्रत्येक डबा उठता उठता डेटाबेसशी २० जोडण्या उघडायचा आणि औषधांच्या, चाचण्यांच्या, डॉक्टरांच्या याद्या वाचून घ्यायचा. सहा डब्यांच्या १२० जोडण्या. मेलेल्या डब्यांच्या जुन्या जोडण्या डेटाबेसने अजून सोडलेल्या नसायच्या, त्यात या नव्या. आधीच दमलेल्या डेटाबेसवर आणखी ओझं. त्यामुळे नवे डबेही वेळेत उत्तर देईनात आणि तेही मरायचे. त्यातून कुबरनेटिसचा आणखी एक नियम असा की वारंवार मरणाऱ्या डब्याला पुन्हा उठवण्याआधी तो जास्त जास्त वेळ थांबतो. आधी १० सेकंद, मग २०, मग ४०, असं दुप्पट होत पाच मिनिटांपर्यंत. हिशेबाचा अहवाल अर्ध्या तासात संपला, डेटाबेस ताजातवाना झाला, तरी साइट बंदच. कारण सगळे डबे आपापली पाच मिनिटं मोजत बसले होते.

त्या पाऊण तासात ओपीडीच्या काउंटरवर काय झालं ते नंतर कळलं. डायलिसिसला आलेल्यांचे आदल्या दिवशीचे रिपोर्ट डॉक्टरांना हवे होते. लॅबमधून वॉर्डबॉय कागद घेऊन जिने चढत-उतरत होते. बाहेरगावाहून पहाटेच्या बसने आलेली माणसं मोबाइल पुढे करून "काल तर दिसत होता हो" म्हणत होती. चार सेकंदांच्या संथपणाची पाऊण तासाची बंदी झाली होती, आणि ती तपासणीने केली होती. तपासणी नसती तर साइट रडतखडत का होईना चालली असती.

दुरुस्ती अगदी छोटी होती. लाइव्हनेसच्या पत्त्यावरून डेटाबेस काढून टाकला. आता प्रोग्राम फक्त "मी ऐकतोय" एवढंच सांगतो. मुदत एका सेकंदाची पाच केली. याद्या वाचून होईपर्यंत कुणी विचारू नये म्हणून स्टार्टअप प्रोब लावला, दर १० सेकंदांनी एकदा असे ३० प्रयत्न, म्हणजे उठायला पाच मिनिटांपर्यंत सवड. हिशेबाचा अहवाल रात्री काढायचं ठरलं, त्याला मात्र या सगळ्यापेक्षा जास्त दिवस लागले, कारण तिथे माणसांशी बोलावं लागतं.

आता तुम्ही विचाराल, मग डेटाबेसची चौकशी रेडिनेसमध्ये ठेवावी का? यावर आमच्यात दोन तट आहेत आणि चहाच्या टपरीवर यावरून वाद होतात. एक पक्ष म्हणतो, डेटाबेस नसेल तर डबा काम करूच शकत नाही, मग त्याच्याकडे माणसं कशाला पाठवायची? ऐकायला बरोबर वाटतं. पण सगळे डबे एकाच डेटाबेसवर असतील तर सगळेच एकदम "तयार नाही" म्हणणार. पाठवायला जागाच उरली नाही की येणाऱ्याला लोड बॅलन्सरकडून एक कोरडं ५०३ मिळतं. त्यापेक्षा डबा दाराशी असू दे आणि त्यानेच चांगल्या मराठीत सांगू दे की रिपोर्ट आत्ता दिसत नाहीत, तातडीचं असेल तर लॅबच्या या नंबरवर फोन करा. म्हणून मी दुसऱ्या पक्षाचा. रेडिनेसमध्ये त्या एका डब्याचं जे स्वतःचं आहे तेवढंच विचारावं: याद्या वाचून झाल्या का, पहिली जोडणी झाली का, हातातली कामं ओसंडून तर जात नाहीत ना. जिथे एका डब्याची अडचण दुसऱ्याला नसते, तिथेच एकाला बाजूला करून दुसऱ्याकडे माणसं पाठवण्यात अर्थ आहे. सहाच्या सहा वाढप्यांची पातेली रिकामी असतील तर सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करण्यापेक्षा एकाने पंगतीत येऊन "भाजी येतेय, तोवर मठ्ठा घ्या" म्हटलेलं लोकांना बरं वाटतं.

ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरने हे थोडंफार आपल्या अंगात भिनवून घेतलंय. त्याच्या यादीतले सगळेच डबे आजारी निघाले तर तो हटवादीपणा सोडतो आणि सगळ्यांकडेच माणसं पाठवायला लागतो. सगळेच्या सगळे एकदम आजारी म्हणजे बहुधा आपली तपासणीच चुकतेय, असा त्यामागचा विचार. मायक्रोसॉफ्टच्या ॲझूरवरही साइट एकाच मशीनवर असेल तर ती आजारी दिसली म्हणून रांगेतून काढत नाहीत. काढली तर उरणार काय?

आकड्यांकडे येऊ. ज्यांच्या घरात हे काम करणारं कुणी आहे त्यांनी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा, बाकीच्यांनी उडी मारली तरी चालेल. कुबरनेटिसमध्ये काही न लिहिल्यास दर १० सेकंदांनी प्रश्न, १ सेकंद मुदत, लागोपाठ ३ चुका झाल्या की शिक्षा. म्हणजे खरोखर अडकलेला डबा साधारण अर्ध्या मिनिटात सापडतो. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरवर दर ३० सेकंदांनी प्रश्न, ५ सेकंद मुदत. दोनदा चुकला की बाहेर आणि परत आत यायला लागोपाठ ५ वेळा बरोबर उत्तर. यातला शेवटचा आकडा लोक विसरतात. डबा दहा सेकंदांत बरा झाला तरी रांगेत परत यायला त्याला अडीच-एक मिनिटं लागतात. डॉकरमध्ये दर ३० सेकंदांनी, मुदतही ३० सेकंद, ३ चुका. पण नुसता डॉकर डब्यावर "आजारी" अशी चिठ्ठी लावतो आणि गप्प बसतो, त्याला पुन्हा सुरू करत नाही. आणि कुबरनेटिस तर डॉकरच्या त्या चिठ्ठीकडे ढुंकूनही बघत नाही. डॉकरच्या फाइलमध्ये तपासणी लिहून "झालं आमचं" म्हणणारे मी पाहिलेत. त्यांची ती ओळ कुबरनेटिसवर गेल्यावर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरइतकीच उपयोगाची.

एक सेकंदाची मुदत कमी का पडते? डब्याला प्रोसेसरचा ठरावीक वाटा दिलेला असतो. तो संपला की पुढचा वाटा मिळेपर्यंत प्रोग्राम थांबवला जातो. गर्दीच्या वेळी हे सारखं होतं. म्हणजे ज्या वेळी सगळे डबे हवे असतात, नेमक्या त्याच वेळी "उशिरा बोललास" म्हणून एकेकाला मारायला सुरुवात होते. उरलेल्यांवर गर्दी वाढते, तेही उशिरा बोलतात. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं. म्हणून लाइव्हनेस सैल ठेवावा आणि रेडिनेस त्यापेक्षा लवकर "नाही" म्हणणारा असावा, म्हणजे दमलेल्याला आधी विश्रांती मिळते.

आणखी काही खाचखळगे, भरभर सांगतो. साइटचं मुखपृष्ठच तपासणीसाठी वापरू नका. कुबरनेटिसला २०० ते ३९९ मधला कुठलाही आकडा उत्तर म्हणून चालतो. तुमची साइट बिघडल्यावर "क्षमस्व, काहीतरी चुकलंय" असं सुंदर पान २०० आकड्यासह दाखवत असेल, तर ते पान बघून कुबलेट खूश आणि साइट मात्र ठप्प. उलट ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरला मुळात फक्त २०० चालतो. मुखपृष्ठ लॉगिनकडे वळवत असेल तर आकडा जातो ३०२, आणि ठणठणीत साइट आजारी ठरते. म्हणजे एकच पान, एका दारात पास आणि दुसऱ्या दारात नापास. तपासणीला वेगळा, लॉगिन न मागणारा, दोन शब्दांत उत्तर देणारा पत्ता हवा. त्या उत्तरात डेटाबेसचं नाव, प्रोग्रामची आवृत्ती असलं काही सांगत बसू नये, चोरही तो पत्ता वाचू शकतो.

दुसरं, प्रोग्राम डब्याच्या आत फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच घरातल्या हाकेवर कान देऊन बसला असेल, तर बाहेरून कितीही हाका मारा, त्याला ऐकूच येणार नाही. लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारी साइट क्लाउडवर "आजारी" निघते त्याच्या मागे पुष्कळदा एवढंच असतं. तिसरं, डबा हलका करण्याच्या नादात लोक आतली सगळी अवजारं काढून टाकतात, आणि तपासणीची आज्ञा मात्र कर्ल नावाच्या अवजाराने लिहिलेली असते. अवजारच नाही, मग उत्तर कायम "नाही". आणि चौथं, ॲझूरच्या लिनक्स ॲप सर्व्हिसवर आपला डबा ठेवला तर त्याला उठायला मुळात २३० सेकंदांची सवड असते. त्यात तो उठला नाही तर सुरू झालाच नाही असं धरतात. सावकाश उठणाऱ्यांनी ती मर्यादा वाढवून घ्यावी.

हे सगळं लहान दुकानदारांचे घोळ आहेत, मोठ्यांकडे असं होत नाही, असं वाटत असेल तर २० ऑक्टोबर २०२५ आठवा. आपण इकडे ऐन दिवाळीत होतो. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या केंद्रात आपल्या घड्याळाने दुपारी बाराच्या सुमारास बिघाड सुरू झाला. सुरुवातीचं कारण वेगळं होतं: त्यांच्या एका डेटाबेस सेवेच्या नावाचा पत्ता, म्हणजे डीएनएसची नोंद, दोन स्वयंचलित कामांच्या गोंधळात रिकामी झाली. ते दुरुस्त झालं. पण मग नवे सर्व्हर रांगेत आणताना त्यांची नेटवर्कची जोडणी पूर्ण पोचायच्या आतच त्यांची तब्येत विचारली जाऊ लागली. एकदा उत्तर "नाही", पुढच्या वेळी "हो", पुन्हा "नाही". त्या हो-नाहीच्या झोक्यावर लोड बॅलन्सरची चांगली मशीनंही रांगेतून आत-बाहेर होत राहिली आणि तपासणीच्या यंत्रणेवरच इतका भार आला की ती स्वतः मंदावली. शेवटी आपल्या रात्री दहाच्या सुमारास तिथल्या इंजिनिअरांनी लोड बॅलन्सरचं हे तब्येत बघून आपोआप बाजूला करणं बंद करून टाकलं. त्यानंतर ती मशीनं पुन्हा रांगेत आली. ॲमेझॉनने हे सगळं स्वतःच्या अहवालात लिहून प्रसिद्ध केलंय. ज्याने अजून पंचाही गुंडाळला नाही त्याला वाढायला हाक मारली की काय होतं, त्याचं हे जगभर दिसलेलं उदाहरण.

(ॲमेझॉनचं असंच एक केंद्र नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या हैदराबादेतही आहे. तेव्हा "क्लाउड" हा शब्द ऐकून ढगाकडे बघायचं कारण नाही, आपल्याच शहराच्या वेशीपलीकडे बघितलं तरी पुरे.)

किती वेळा विचारावं, यालाही तारतम्य आहे. दर १० सेकंदांनी एक म्हणजे दिवसाला ८,६४० प्रश्न. लाइव्हनेस आणि रेडिनेस दोन्ही धरले तर १७,२८०. सहा डब्यांचे लाखावर जातात. प्रत्येक प्रश्नाला प्रोग्राम जड काम काढून बसला तर गिऱ्हाइकांसाठी वेळ कधी मिळणार? घरातल्या आजारी माणसाला दर दहा मिनिटांनी उठवून "झोप लागली का?" विचारणारे पाहुणे असतात ना, तसं.

आपल्या मंडळाच्या साइटबद्दलही काही जणांनी विचारलंय. ती दोन डब्यांवर आहे, गणपती आणि कोजागिरीचे चार-सहा दिवस सोडले तर दिवसाला मोजकी माणसं येतात. तिला फार ताशेवाजंत्री नकोच. लाइव्हनेसचा साधा पत्ता, स्टार्टअपला सवड, आणि कुठल्या तरी बाहेरच्या सेवेकडून दर पाच मिनिटांनी नोंदणीचं पान खरोखर उघडतंय का याची चौकशी. ही बाहेरची चौकशी कुणाला मारत नाही, फक्त कार्यकारिणीतल्या दोघांना मोबाइलवर कळवते. डेटाबेस बंद आहे हे माणसाला कळणं हाच त्यावरचा उपाय. वाढप्याला नाही, आचाऱ्याला हाक मारायची असते.

आणि लावलेली तपासणी एकदा मुद्दाम मोडून बघायला हवी, नाहीतर ती बरोबर आहे हे कळणार कसं? साइटची चाचणीची प्रत घ्यायची. आधी डेटाबेस दहा मिनिटं बंद ठेवायचा आणि कुबरनेटिसच्या यादीत "रीस्टार्ट्स" या रकान्याकडे बघत बसायचं. तो आकडा शून्यावरून हलला तर लाइव्हनेसमध्ये अजून कुठेतरी डेटाबेस लपलेला आहे. मग डेटाबेस चालू करून डब्यातला प्रोग्राम मुद्दाम गोठवायचा. आता आकडा एकने वाढायला हवा. त्याला मिनिटभर लागेल: अर्धं मिनिट अडकलाय हे ओळखायला, आणि अर्धं मिनिट निरोपाला, कारण मारण्याआधी कुबरनेटिस "आवरतं घे" असं सांगून ३० सेकंद वाट बघतो आणि गोठलेला प्रोग्राम ते ऐकत नाही. मिनिटापेक्षा बराच जास्त वेळ लागला तर आकडे पुन्हा तपासायचे.

मंडळाच्या साइटची ही तालीम आम्ही कोजागिरीच्या नोंदणीआधीच्या शनिवारी रात्री नऊ वाजता करणार आहोत. ऑनलाइन बघता येईल, दुवा व्हॉट्सॲप गटावर येईल. काचीगुड्याच्या काकूंना खास आमंत्रण आहे. पासवर्ड पुढच्या अंकात.